कोलकात्याची गर्दी आणि भूतानची शांतता : एकाच प्रवासात दोन्ही कसं जमवायचं

मुंबई-पुण्याकडून भूतानला जाताना बरेच जण विमानाने थेट पारोला उतरतात. दुसरी वाट कोलकात्यावरून जाते. सियालदहहून रात्रीची गाडी, सकाळी हासिमारा, तिथून जयगाव आणि सीमा ओलांडली की फुंटशोलिंग. ही वाट स्वस्त आहे आणि पाहायला जास्त मिळतं. मात्र चुकायलाही जास्त जागा आहे.

अंतरापेक्षा सवयी जास्त नडतात. कोलकात्यात आयत्या वेळी विचारून सगळं जमतं. बस चुकली तर मागून दुसरी येते, रस्ता चुकला तर चौघं जण तो सांगायला थांबतात. भूतानमध्ये तारखा, मुक्काम आणि शुल्क आधी कागदावर लागतं आणि संध्याकाळनंतर घाटातला प्रवास टाळावा लागतो. कोलकात्याच्या भरवशावर भूतानला गेलेली माणसं सीमेवर अडकतात. म्हणून आधी भूतानच्या तारखा पक्क्या करा आणि उरतील ते दिवस कोलकात्याला द्या.

कागदपत्रं

भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक चालतं. आधार कार्ड चालत नाही, पॅन कार्ड आणि वाहन परवानाही नाही. दर हंगामात कुणी ना कुणी फक्त आधार घेऊन जयगावपर्यंत पोचतं आणि तिथून परत फिरतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला आणि सोबत आई-वडील लागतात. दाखला इंग्रजीत हवा. जुने हाताने लिहिलेले, फक्त मराठीतले दाखले असतील तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवा द्विभाषिक दाखला काढून ठेवा. याला वेळ लागतो, त्यामुळे तिकिटं काढण्याच्याही आधी हे काम हाती घ्या.

नावांचा घोळ हा दुसरा अडथळा. मतदार ओळखपत्रावर लग्नाआधीचं नाव, हॉटेलच्या बुकिंगवर नंतरचं आणि रेल्वेच्या तिकिटावर तिसरंच काहीतरी, असं आपल्याकडे सर्रास होतं. परवान्याच्या अर्जात ओळखपत्रावर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा आणि हॉटेलही त्याच नावाने घ्या. ज्यांच्याकडे दोन्ही कागद आहेत त्यांनी पासपोर्ट वापरावा. त्यात नाव, जन्मतारीख, फोटो सगळं एकाच पानावर असल्याने काम लवकर उरकतं.

परवाना फुंटशोलिंगच्या इमिग्रेशन कार्यालयातही मिळतो, पण घरून ऑनलाइन अर्ज केलेला केव्हाही बरा. अर्जाला ओळखपत्राची स्वच्छ प्रत, पासपोर्ट आकाराचा फोटो, हॉटेलांच्या बुकिंगच्या पावत्या आणि कुठल्या तारखेला कुठे मुक्काम हे लागतं. जिथे जायची नुसती शक्यता आहे ते गावही अर्जातच लिहा, कारण रस्त्यात नाक्यांवर परवाना पाहिला जातो. आठ-दहा दिवस आधी अर्ज केला तर फोटो धूसर आहे, पावती अपुरी आहे अशा कारणांनी परत आलेला अर्ज दुरुस्त करून पाठवायला वेळ उरतो.

यासोबत शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. २०२२ च्या सप्टेंबरात भूतानने पर्यटन पुन्हा सुरू केलं तेव्हापासून भारतीयांसाठी ते माणशी, दर रात्री १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना काही नाही. दोन मोठी माणसं, नऊ वर्षांचं एक मूल आणि पाच रात्री असा हिशेब केला तर मोठ्यांचे १२,००० आणि मुलाचे ३,००० मिळून १५,००० रुपये होतात. हॉटेल, जेवण, गाडी, मंदिरांची तिकिटं यावर वेगळी. अंदाजपत्रक करताना ही रक्कम पहिल्या ओळीत लिहा, कारण जुन्या प्रवासवर्णनांत ती सापडत नाही आणि तिथले आकडे वाचून निघालेल्यांचा खर्च हमखास कोसळतो.

स्वतःची गाडी नेण्याचा मोह टाळा. भारतीय नोंदणीच्या गाडीला सीमेवरच्या गावापलीकडे दररोजचं वेगळं शुल्क पडतं आणि ते जबर आहे. फुंटशोलिंगहून भूतानी टॅक्सी घेतलेली परवडते. चालकाला घाटही पाठ असतो.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे दोन चांगले काळ. जून ते सप्टेंबर फुंटशोलिंग ते थिम्पू रस्त्यावर दरडी कोसळतात आणि डोंगर ढगांत असतात. जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, पण थिम्पूत रात्री पारा शून्याखाली जातो आणि चेले ला खिंडीत बर्फ असू शकतो.

आपल्याकडच्या सुट्ट्या इथे थोड्या गैरसोयीच्या पडतात. दिवाळीच्या रात्री कोलकात्यात कालीपूजा असते, फटाके आणि मंडपांमुळे रस्ते तुंबतात. त्याच्या तीनेक आठवडे आधी दुर्गापूजा. तेव्हा अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं आणि ज्यांना गर्दी नको असते ते बंगाली उत्तरेकडच्या गाड्या भरून डोंगरात जातात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूजेच्या काळातली उत्तर बंगालची तिकिटं हवी असतील तर त्याच दिवशी, उघडताक्षणी काढावी लागतात. दुर्गापूजा पाहायचीच असेल तर ती आधी पाहा आणि डोंगराकडे दशमीनंतर दोन-तीन दिवसांनी निघा.

कोलकात्यात : वेळ सांभाळा, गर्दी आपोआप सांभाळली जाते

मुंबईहून नागपूरमार्गे येणाऱ्या गाड्या, गीतांजली असो की मेल, हावड्याला पोचतात. पुण्याची आझाद हिंदही तिथेच. काही गाड्या मात्र शालीमारला संपतात. ते वेगळं स्टेशन आहे, तिकिटावर नीट पाहा. हावडा हुगळीच्या पश्चिम काठावर आणि सियालदह पूर्वेला, शहराच्या आत. पूर्वी या दोहोंमधलं अंतर कापायला टॅक्सीत तासभर घाम गाळावा लागे. मार्च २०२४ मध्ये नदीखालून जाणारी मेट्रो सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एस्प्लनेड ते सियालदह हा मधला तुकडा जोडला गेला. आता हावड्याहून सियालदहला मेट्रोने पाव तासाच्या आत पोचता येतं. नदीखालचा बोगदा अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे, गाडी तो मिनिटभराच्या आत ओलांडते. हावडा मेट्रो स्थानक फार खोल आहे. सामान असेल तर सरकत्या जिन्यांऐवजी लिफ्ट शोधा.

विमानाने येणाऱ्यांसाठीही ऑगस्ट २०२५ पासून विमानतळाजवळ मेट्रो आहे. नोआपाड्याला गाडी बदलून शहराच्या मध्यात जाता येतं. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात उतरणार असाल तर टॅक्सीपेक्षा हेच घ्या.

सामान हावड्याच्या क्लोकरूममध्ये ठेवून फिरायचं असेल तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. साधी चेन असलेली सॅक घेत नाहीत. पन्नास रुपयांचं छोटं कुलूप घरूनच न्या, स्टेशनबाहेर ते दुपटीने मिळतं.

कोलकात्याचा दिवस दोन वेळांना चांगला असतो. पहाटे साडेपाच ते नऊ आणि दुपारी बारा ते चार. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळांत कुठेही जायचं ठरवू नका, जिथे आहात तिथेच बसा. पहाटे हावडा पुलाच्या पूर्व टोकाखाली मल्लिक घाटाचा फूलबाजार पाहा. झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेऊन हमाल धावत असतात. त्यांच्या वाटेत थांबून फोटो काढू नका, कडेच्या पायऱ्यांवर उभे राहा. ते ओरडतात ते रागाने नव्हे, डोक्यावर ओझं असताना थांबता येत नाही म्हणून. चपला जुन्या घाला, खाली कुजलेल्या पाकळ्यांचा चिखल असतो. पूल १९४३ साली सुरू झाला आणि तो सगळा रिव्हेटांवर उभा आहे, नट-बोल्ट नाहीत. पायी ओलांडायचा असेल तर सकाळी सातच्या आत ओलांडा.

नदीवरची फेरी हा या शहरातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सोयीचा प्रवास. हावडा घाटावरून बाबूघाट, फेअरली, बागबाजार अशा बोटी सुटतात, भाडं मुंबईच्या बसइतकं किरकोळ. मूर्तिकारांच्या कुमारटुलीला बागबाजारच्या बाजूने बोटीने गेलं तर उत्तर कोलकात्याची सगळी कोंडी टळते. कुमारटुलीत बोळ अरुंद आहेत आणि ओल्या मूर्ती दाराबाहेर वाळत असतात. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. चोरीची भीती हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण असं की वळताना सॅकचा धक्का लागून कुणाचं पंधरा दिवसांचं काम मोडू शकतं.

बसमध्ये चढताना पाटी वाचत बसू नका, ती बंगालीत असते आणि बस पूर्ण थांबतही नाही. दारातल्या कंडक्टरला ठिकाणाचं नाव ओरडून विचारा, तो मान हलवेल किंवा हात उडवेल. तरुणाला, म्हाताऱ्याला सगळ्यांना "दादा", बाईला "दीदी". उतरायच्या एक थांबा आधीच दाराकडे सरका आणि "दादा, नामबो" म्हणा. बाई उतरत असेल तर कंडक्टर "आस्ते, लेडीज" असं चालकाला ओरडून सांगतो, तेव्हा बस जरा जास्त थांबते. गटात बायका असतील तर त्यांच्या मागोमाग उतरा.

टॅक्सी किंवा ॲपची गाडी घेतली आणि चालक विचित्र वळसा घेऊ लागला तर लगेच संशय घेऊ नका. इथल्या कित्येक एकेरी रस्त्यांची दिशा दुपारी उलटी होते. सकाळी ज्या रस्त्याने आलात त्याच रस्त्याने संध्याकाळी परत जाता येईल असं नाही. हावडा आणि सियालदहला टॅक्सीसाठी प्रीपेड खिडक्या आहेत, सामान असताना त्याच वापरा.

सोमवारी भारतीय संग्रहालय आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद असतात. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बहुतेक बंद. तुमच्या वाट्याला रविवार-सोमवार आले तर रविवारी नदी आणि उत्तर कोलकाता, सोमवारी कॉलेज स्ट्रीट आणि कॉफी हाऊस असं लावा.

शाकाहारी माणसांचे इथे हाल होतात ही समजूत चुकीची आहे. सकाळी कोणत्याही मिठाईच्या दुकानात कोचुरी आणि बटाट्याची रस्साभाजी मिळते. दुपारी लुची, छोलार डाळ, वांग्याचे काप, डाळीच्या वड्यांचा धोकार डालना. फक्त "व्हेज" म्हणू नका, "निरामिष" म्हणा. त्यात कांदा-लसूणही येत नाही, त्यामुळे घोटाळ्याला जागा राहत नाही.

भूतानसाठीची एक तयारी कोलकात्यातच करून टाका. बँकेतून १०० रुपयांच्या नोटा घ्या. भूतानचं चलन न्गुलट्रुम आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे आणि भारतीय रुपये तिथे चालतात, पण मोठ्या नोटा घेताना दुकानदार का-कू करतात. जयगावात १०० च्या नोटा मागणाऱ्यांची रांग असते.

रात्रीची गाडी

सियालदहहून कांचनकन्या एक्सप्रेस रात्री सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा हासिमाऱ्याला पोचते. सियालदहला लोकलची गर्दी रात्री साडेनऊपर्यंत ओसरत नाही, त्यामुळे पाऊण तास आधी फलाटावर असा. जेवण बाहेरून बांधून घ्या.

सकाळी न्यू जलपाईगुडीनंतर उठूनच बसा. सिलिगुडीनंतर सेवकपाशी गाडी तीस्ता ओलांडते, मग डुआर्सचे चहाचे मळे आणि जंगल. या पट्ट्यात रुळांवर हत्ती येतात म्हणून गाड्या मुद्दाम हळू चालवतात. उशीर होतोय म्हणून चिडू नका, वेळापत्रकात तासाभराची ढील धरूनच पुढची गाडी ठरवा. हासिमाऱ्याला गाडी थोडाच वेळ थांबते. आधीच्या स्टेशनपासून सामान दाराशी आणा.

विमान हवं असेल तर बागडोगऱ्याला उतरून साधारण चार तासांत रस्त्याने जयगाव गाठता येतं.

सीमा

हासिमारा ते जयगाव १८ किलोमीटर, रिक्षा आणि जीप भरपूर. जयगाव धुळीचं, हॉर्नचं, दाटीवाटीचं गाव. मधल्या कमानीपलीकडे फुंटशोलिंग सुरू होतं आणि शंभर पावलांत हॉर्न थांबतात. कमान गाड्यांसाठी आहे. पायी जाणाऱ्यांची इमारत वेगळी आहे, तिथूनच जा.

या टप्प्यावर घड्याळ अर्धा तास पुढे करा. फोन बहुतेक वेळा भारतीय मनोऱ्याचाच सिग्नल पकडतो आणि आपोआप वेळ बदलत नाही. कार्यालयाची वेळ चुकण्याचं हे सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात नेहमीचं कारण. भूतानच्या सरकारी सुट्ट्याही पाहून या. १७ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन आणि ११ नोव्हेंबर हे दिवस टाळा.

पहिली रात्र जयगावातही काढता येते. पण झोप फुंटशोलिंगमध्येच लागते.

भारतीय सिम पुढे रोमिंगशिवाय चालत नाही. भूतानमधलं पर्यटक सिम फुंटशोलिंगमध्येच घ्या. आपलं सिम काढून टाकू नका, बँकेचे ओटीपी त्यावर येतात, त्यासाठी निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या. भूतानमध्ये २०२१ पासून भीम यूपीआय चालतं, मात्र ॲपमध्ये परदेशी व्यवहारांचा पर्याय आधी चालू करावा लागतो. तो घरी करा.

घाट

फुंटशोलिंग समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास, थिम्पू सुमारे २,३०० मीटर. मधे दीडशे किलोमीटरच्या आसपास वळणं, पाच-सहा तास. हा रस्ता भारताच्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला, प्रकल्प १९६१ चा. वाटेत दंतकच्या कँटीनमध्ये डोसाही मिळतो.

सकाळी आठच्या आत निघा. गेदूच्या आसपास दुपारनंतर धुकं उतरतं, समोरची गाडी दिसत नाही. नाश्ता हलका ठेवा. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. अशांना पुढच्या सीटवर बसवा आणि फोन बघू देऊ नका. गावाबाहेर थोडं वर गेलं की रिनचेंदिंगचा नाका लागतो. परवान्याची छापील प्रत हाताशी ठेवा, तिथे सिग्नल नसल्याने फोनमधला कागद उघडला नाही तर मागे रांग लागते. पुढे चुझोमला पारो छू आणि वांग छू या नद्या मिळतात, तिथून एक रस्ता पारोला, एक थिम्पूला, एक 'हा' नावाच्या खोऱ्याकडे जातो.

टॅक्सी ठरवताना पाटीवरची बीटी अक्षरं पाहा, ती परवानाधारक टॅक्सी. गाडी दिवसावर ठरवली तर चालकाचं जेवण-राहणं, इंधन आणि खिंडींचा जादा पल्ला यात धरला आहे का हे आधीच विचारा. घासाघीस फार चालत नाही. चालक हो म्हणाला की तो दर पाळतो, त्यामुळे मधेच "अजून एक ठिकाण दाखवा" हे बरं दिसत नाही.

थिम्पू, पुनाखा, मग पारो

क्रम हाच ठेवा. दोन रात्री थिम्पू, एक पुनाखा, दोन पारो. कारण उंचीचं आहे. कोलकात्याच्या सपाटीवरून आलेलं शरीर थिम्पूत एक-दोन दिवस जरा धापा टाकतं, पुनाखा साडेबाराशे मीटरच्या आसपास असल्याने तिथे झोप छान लागते आणि पारोत पोचेपर्यंत मोठ्या चढणीची तयारी होते. उलट क्रमाने, पहिल्याच दिवशी पारोला जाऊन दुसऱ्या दिवशी ताकत्सांगच्या कड्यावरच्या मठाची चढण घेणारे अर्ध्यातून परततात. पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या, दारू नको, जिने सावकाश. चेले ला खिंड जवळपास ४,००० मीटरवर आहे, ती शेवटच्या दिवशीच ठेवा आणि वर तासाभरापेक्षा जास्त रेंगाळू नका.

थिम्पूत रस्त्यांवर सिग्नलचे दिवे नाहीत, मुख्य चौकात पोलीस हाताने वाहतूक वळवतो. पट्ट्यांवर पाय ठेवलात की गाड्या थांबतात. कोलकात्याच्या सवयीने गाड्यांमधून वाट काढत पळू नका, चालक गोंधळतात. झोंग म्हणजे किल्ला. ताशिछो झोंग हे सरकारचं कार्यालय आणि मठ दोन्ही आहे. आठवड्याच्या दिवशी कचेरी सुटल्यावर, संध्याकाळीच पर्यटकांना आत सोडतात. झोंगमध्ये पूर्ण बाह्यांचा आणि कॉलरचा शर्ट, पायघोळ पँट किंवा सलवार-साडी हवी. टोपी काढायची, छत्री मिटायची. मंदिराच्या गाभाऱ्यात कॅमेरा नाही आणि याला अपवादही नाही. उन्हाळ्यात हाफ पँटवर फिरणाऱ्यांनी सॅकमध्ये एक लांब पँट ठेवावी.

चोर्तेन म्हणजे स्तूप. चोर्तेन आणि प्रार्थनाचक्रांना उजवी घालून फिरा, आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच. चोर्तेनवर चढणं, टेकून बसणं हा गंभीर अपमान मानतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका मोटारसायकलस्वाराने दोचुलाच्या चोर्तेनवर चढून फोटो काढून घेतला, तो सगळीकडे पसरला आणि भूतानच्या पोलिसांनी त्याची चौकशी केली. दोचुला ३,१०० मीटरवर आहे, थिम्पूहून पुनाख्याच्या वाटेवर. १०८ चोर्तेन तिथेच. स्वच्छ हवेत मागे हिमशिखरांची रांग दिसते, पण ती सकाळी नऊच्या आत. वाटेत होंगत्सोला पुन्हा परवाना तपासतात.

पारो आणि थिम्पूपलीकडे जाताना नोंदणीकृत वाटाड्या सोबत असावा लागतो, पुनाख्यासाठी तो आधीच ठरवा.

पुनाख्याचा झोंग १६३७-३८ चा, पो छू आणि मो छू यांच्या संगमावर. त्याला किमान दोन तास द्या. जवळच चिमी ल्हाखांग या मंदिराच्या वाटेवरच्या घरांच्या भिंतींवर मोठाली लिंगचित्रं रंगवलेली असतात. वाईट नजर टाळायला आणि संततीसाठी ती शुभ मानतात. आजी-आजोबा आणि मुलं सोबत असतील तर गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणी घशात अडकल्यासारखं खोकत नाही.

आणि रात्रीची शांतता. लोक जी शांतता शोधायला येतात ती थिम्पूत रात्री मिळत नाही, कुत्री भुंकतात. कानात घालायचे बोळे न्या. शांतता हवी तर पुनाखा किंवा पारोच्या खोऱ्यात, गावाबाहेर, शेतघरात राहा. बुकिंगपूर्वी खोलीत बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी आहे की विजेचा हीटर, हे विचारा. बुखारी उबदार असते, पण झोपण्यापूर्वी ती विझू द्यायची आणि खिडकीची फट उघडी ठेवायची. बंद खोलीतला धूर जीव घेऊ शकतो.

ताकत्सांग

हा मठ १६९२ चा. १९९८ च्या आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. चढण २,६०० मीटरवरून सुरू होते आणि मठ ३,१२० मीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन पाच ते सहा तास.

तिकीट पायथ्यालाच काढा. वर मिळत नाही आणि तीन तास चढून परत उतरायला लागणारी माणसं दररोज दिसतात. पायथ्याला काठी भाड्याने मिळते, ती घ्याच. उतरताना गुडघ्यांना तिचा उपयोग चढण्यापेक्षा जास्त होतो. सकाळी साडेसात-आठला सुरुवात करा. उशिरा निघालात तर ऊन डोक्यावर येतं आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेत मंदिर काही काळ बंद असल्याने दारात बसून राहावं लागतं.

पहिला टप्पा उपाहारगृहापर्यंत, दीड तास. घोडे तिथपर्यंतच जातात आणि परतीच्या उताराला ते मिळत नाहीत. घोड्यावर बसून गेलेल्या माणसालाही पुढचे दोन तास आणि अख्खा उतार पायीच करायचा असतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उपाहारगृहातून मठ पाहून तिथेच थांबावं, दृश्य तिथूनही उत्तम आहे. दुसऱ्या टप्प्यानंतर मठ समोर, हाताच्या अंतरावर भासतो आणि तिथेच फसगत होते. मधे दरी आहे. सातशेहून अधिक पायऱ्या आधी खाली, धबधब्याजवळच्या पुलापर्यंत, मग पुन्हा वर. परतताना याच पायऱ्या चढाव्या लागतात. अर्धी बाटली पाणी या परतीसाठी शिल्लक ठेवा. मठाच्या दाराशी फोन, कॅमेरा, बॅग जमा करावी लागते. जाकीट मात्र अंगावर ठेवा, आतल्या दगडी खोल्या गार असतात.

जेवण

एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मिरची तिथे भाजी आहे, मसाला नाही, हे लक्षात ठेवून मागवा. तिखट नको असेल तर केवा दात्शी म्हणजे बटाट्याची, किंवा शामू दात्शी म्हणजे अळंब्यांची घ्या आणि "मिरची कमी" असं ठामपणे सांगा. सोबत लाल भात. सुजा हा लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला चहा समजून प्यायला तर फसवतो, सूप समजून प्या. हॉटेलात जेवण मागवल्यावर अर्धा तास लागतो, कारण मागणी आल्यावरच ते शिजवायला घेतात. सकाळीच चालकामार्फत दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवलं तर वेळ वाचतो. घरचा चिवडा आणि लाडू न्या, पण रिकाम्या पिशव्या परत आणा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे १९९९ पासून बंदी आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानही चालत नाही.

दोन शब्द पाठ करा. भेटल्यावर "कुझुझांगपो ला", आभाराला "कादिन्चे ला". शेवटचा "ला" आदराचा, तो गाळू नका. बाकी हिंदी बहुतेकांना कळते.

परतीचा दिवस

पारोहून फुंटशोलिंग पाच तास धरा आणि दरड पडली तर त्यावर दोन. परतीच्या गाडीची वेळ भारतीय घड्याळाची असते, म्हणजे हाताशी अर्धा तास जास्त मिळतो. तो हिशेबात धरू नका. शेवटची रात्र फुंटशोलिंगला काढून दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी पकडणं सगळ्यात सुरक्षित. पारोहून विमानाने कोलकात्याला परतणार असाल तर पुढची मुंबईची उड्डाणं त्याच दिवशी ठेवू नका. पारोला विमानं फक्त दिवसाउजेडी, डोळ्यांनी दिसणाऱ्या हवेतच उतरतात आणि ढग आले की सगळं लांबतं.

कोलकात्यात सकाळी पोचून दुपारची हावड्याची गाडी असेल तर मधल्या वेळात मिठाई घेऊन टाका. हिवाळा असेल तर नोलेन गुडाचा, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाचा, संदेश. दुकानदाराला प्रवास किती दिवसांचा आहे ते आधी सांगा. दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाला कडापाक घ्यायचा, तो टिकतो. नरमपाक चवीला वरचढ असला तरी नागपूर येईपर्यंत आंबतो, तो दुकानातच उभं राहून खा.